मुक्या संगणकास वाचा कशी द्यावी?

(जुन्या संगणकांत साउंड कार्डाचा ड्रायव्हर बसविण्याचा पाठ)

पुष्कळ शाळांच्या अडगळीच्या खोलींत दोनचार जुने संगणक धूळ खात पडलेले असतात. त्यांचा पडदा उजळतो, कळफलक चालतो, अक्षरें उमटतात. परंतु आवाज म्हणून कांहीं निघत नाहीं. मग 'बिघडलेला' एवढा एकच शब्द लिहिलेली चिठ्ठी त्यांवर चिकटविली जाते आणि ते भंगारवाल्याची वाट पाहत बसतात. वास्तविक पाहतां यांपैकीं कित्येकांचा एकही भाग मोडलेला नसतो. आवाज काढणारें कार्ड आंत शाबूत असतें, बाहेरचे स्पीकरही शाबूत असतात. उणें असतें तें एवढेंच कीं, कार्ड आणि प्रोग्रॅम यांचा परस्परांशीं परिचय करून देण्याचें काम कोणीं पुरें केलेलें नसतें. हा परिचय करून देणें म्हणजेच ड्रायव्हर बसविणें व त्याची मांडणी लावणें होय. तें कसें करावें, आणि तसेंच कां करावें, हें या पाठांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आवाज ही संगणकाची केवळ करमणुकीची बाजू आहे, असा पुष्कळांचा समज असतो. ज्यास डोळ्यांनीं दिसतें त्याच्यापुरता तो कांहींसा खराही असेल. परंतु अंध विद्यार्थ्यास संगणकाचा आवाज हाच संगणकाचा पडदा होय. पडद्यावरील मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणाऱ्या प्रोग्रॅमास स्क्रीन रीडर म्हणतात. ऑस्ट्रेलियांतील मायकेल करन या स्वतः अंध असलेल्या गृहस्थांनीं २००६ सालीं एन.व्ही.डी.ए. नांवाचा असा एक प्रोग्रॅम तयार करण्यास आरंभ केला. तो विनामूल्य मिळतो, व त्याच्यासोबत येणाऱ्या ई-स्पीक या यंत्रणेस मराठी मजकूरही वाचतां येतो. परंतु साउंड कार्डाचा ड्रायव्हर नीट बसलेला नसेल तर हा सर्व खटाटोप व्यर्थ ठरतो. आणि दुःखाची गोष्ट अशी कीं, दोष कोठें आहे हें पडद्यावर लिहून आलें, तरी ज्याचें त्यावांचून अडलें आहे त्यासच तें वाचतां येत नाहीं. अशा वेळीं शेजारीं बसणाऱ्या सोबत्यास ही विद्या येत असली, तर एका विद्यार्थ्याचें वर्ष वांचूं शकतें.

उदाहरणादाखल आम्हीं साउंड ब्लास्टर १६ हें कार्ड आणि १९९४ सालची एम.एस.-डॉस ६.२२ ही प्रणाली घेतली आहे. वर सांगितलेला स्क्रीन रीडर विंडोजवर चालतो, डॉसवर नव्हे, हें आम्ही जाणतों. परंतु नव्या संगणकांत जें पडद्याआड आपोआप घडतें तें या जुन्या जोडींत उघड्यावर, आपल्या हातानें करावें लागतें. म्हणून शिकणाऱ्यास हीच जोडी उत्तम. येथील तत्त्व उमगलें म्हणजे विंडोजवरील दोष शोधणें अवघड जात नाहीं.

१. ध्वनीचे अंक

१९८१ सालीं आय.बी.एम. कंपनीचा वैयक्तिक संगणक बाजारांत आला, तेव्हां त्यास आवाज असा जवळजवळ नव्हताच. आंत एक लहानसा स्पीकर असे व तो शिटीसारखा सूर काढी. १९८७ सालीं ॲडलिब नांवाचें कार्ड आलें. त्यावर यामाहा कंपनीची स्वर निर्माण करणारी चिप असल्यामुळें संगणकावर वाद्यसंगीत ऐकूं येऊं लागलें. १९८९ सालीं सिंगापूरच्या क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजी या कंपनीनें साउंड ब्लास्टर काढलें, व संगीताच्या जोडीस मनुष्याचा मुद्रित आवाज ऐकविण्याची सोय एकाच कार्डावर केली. १९९२ सालचें साउंड ब्लास्टर १६ हें त्याच घराण्यांतील होय.

या कार्डावर दोन निराळ्या यंत्रणा आहेत, हें प्रथम ध्यानांत ठेवावें. पहिली कृत्रिम स्वर निर्माण करते. तिला 'अमुक स्वर, अमुक उंची' एवढी थोडी सूचना पुरते. दुसरी मुद्रित ध्वनीचे अंक घेऊन त्यांचें विजेच्या लहरींत रूपांतर करते, आणि तिची भूक मात्र मोठी आहे. ती किती मोठी, हें थोडें गणित करून पाहूं.

ध्वनि म्हणजे हवेंत उठणारी लहर. मायक्रोफोन तिची विजेची लहर बनवितो, आणि त्या लहरीची उंची ठराविक काळानें मोजून लिहीत गेल्यास अंकांची एक माळ तयार होते. कॉम्पॅक्ट डिस्कवर ही उंची दर सेकंदास ४४,१०० वेळां मोजलेली असते. एवढें मोठें प्रमाण घेण्याचें कारण असें कीं, मनुष्याच्या कानास सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनि ऐकूं येतो, व कोणतीही लहर पुन्हां उभी करावयाची तर तिच्या कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक मापें हातीं असावीं लागतात. प्रत्येक माप १६ बिटांचें, म्हणजे २ बाइटांचें असतें. त्यामुळें उंचीच्या ६५,५३६ पायऱ्या ओळखतां येतात. ८ बिटांचें माप घेतल्यास पायऱ्या अवघ्या २५६ राहतात व आवाज खरखरीत होतो. डाव्या व उजव्या कानासाठीं निरनिराळीं मापें धरलीं तर ४४,१०० × २ × २ = १,७६,४०० बाइट दर सेकंदास लागतात. जुन्या १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपींत १४,७४,५६० बाइट मावत. म्हणजे अख्खी फ्लॉपी साडेआठ सेकंदही पुरती ना!

हा ओघ अखंड चालावा लागतो. पडद्यावरील चित्र क्षणभर उशिरा आलें तर डोळा तें खपवून घेतो. आवाजांत तेवढाच खंड पडला तर कानास तो तत्काळ खटकतो. संगणकाच्या मुख्य प्रोसेसरनें दुसरीं सर्व कामें सोडून एकएक अंक कार्डाकडे पोंचवीत बसावें, हें परवडणारें नाहीं. म्हणूनच एक युक्ति योजिली गेली, व त्या युक्तींतूनच पुढील तीन खुणा निघाल्या.

२. तीन खुणा

आपल्या शाळेचेंच उदाहरण घेऊं. मुख्याध्यापक एक, वर्ग अनेक. एखाद्या वर्गास निरोप धाडावयाचा तर त्या वर्गाचा क्रमांक ठाऊक पाहिजे. वर्गास कांहीं हवें असल्यास त्यानें मुख्याध्यापकांस कळविण्याची कांहीं खूण पाहिजे. समजा, प्रत्येक वर्गास एकएक घंटा नेमून दिली आहे. आणि कागदांचे गठ्ठे इकडून तिकडे नेण्यास शिपाई पाहिजे, कारण मुख्याध्यापक स्वतः गठ्ठे वाहूं लागले तर शाळा कोण चालवील? संगणकांत मुख्य प्रोसेसर हे मुख्याध्यापक, साउंड कार्ड हा एक वर्ग, आणि पत्ता, घंटा व शिपाई या त्या तीन खुणा.

पत्ता. साउंड ब्लास्टरचा नेहमींचा पत्ता २२० हा आहे. हा आंकडा दशमान पद्धतींतील नसून षोडशमान पद्धतींतील आहे. या पद्धतींत एकंस्थानाच्या डावीकडील स्थानाची किंमत १६ व त्याच्या डावीकडील स्थानाची २५६ असते; म्हणून २२० म्हणजे २ × २५६ + २ × १६ + ० = ५४४. याखेरीज कृत्रिम स्वरांच्या चिपेस ३८८ व बाहेरील वाद्यें जोडण्याच्या मिडी भागास ३३० असे निराळे पत्ते असतात.

घंटा. हिला इंटरप्ट म्हणतात. १९८४ सालच्या आय.बी.एम. ए.टी. संगणकापासून ० ते १५ अशा क्रमांकांच्या घंटा रूढ झाल्या. परंतु त्यांतील बहुतेकांस मालक ठरलेले आहेत. ० घड्याळाची, १ कळफलकाची, ३ व ४ या सीरियल पोर्टांच्या, ६ फ्लॉपीची, ७ बहुधा प्रिंटरच्या पोर्टाची, ८ तारीखवेळ राखणाऱ्या घड्याळाची, १३ गणिती सहप्रोसेसरची, १४ हार्ड डिस्कची; २ क्रमांकाची घंटा ८ ते १५ यांचे निरोप पुढें पोंचविण्यांत गुंतलेली. साउंड ब्लास्टर १६ हें ५, ७, १० किंवा २ (हीच ए.टी.मध्यें ९ ठरते) यांपैकीं एक घंटा घेऊं शकतें, सामान्यतः ५ ही घेतात, कारण ती दुसऱ्या प्रिंटरच्या पोर्टासाठीं राखलेली असते, आणि दुसरा प्रिंटर क्वचितच कोणापाशीं असतो.

शिपाई. यास डी.एम.ए. चॅनेल म्हणतात. स्मृतींतील अंक उचलून कार्डाकडे नेण्याचें काम हा प्रोसेसरला न विचारतां करतो. ८ बिटांच्या ध्वनीसाठीं ०, १ किंवा ३ यांपैकीं, व १६ बिटांच्या ध्वनीसाठीं ५, ६ किंवा ७ यांपैकीं शिपाई नेमतां येतो. क्रमांक २ चा शिपाई फ्लॉपीच्या सेवेस असल्यामुळें त्यास हात लावूं नये. नेहमींची नेमणूक १ व ५ ही होय.

आतां तिघांचा मेळ कसा बसतो तें पहा. समजा, प्रोग्रॅमनें स्मृतींत १६,३८४ बाइटांची जागा राखली व तिचे दोन सारखे भाग केले. दोन्ही भागांत अंक भरून त्यानें पत्त्यावर आज्ञा धाडली, 'वाजविण्यास आरंभ कर.' शिपाई पहिल्या भागांतील अंक वाहूं लागला. ते ८,१९२ बाइट संपतांच कार्डानें घंटा वाजविली व शिपाई दुसऱ्या भागाकडे वळला. तेवढ्या अवधींत प्रोसेसरनें येऊन रिकाम्या झालेल्या पहिल्या भागांत नवे अंक भरले. पूर्ण प्रतीच्या ध्वनीस ८,१९२ बाइट सुमारें ०.०४६ सेकंद पुरतात. म्हणजे घंटा सेकंदास एकवीसबावीस वेळां वाजते, आणि तरीही ऐकणाऱ्यास खंड म्हणून जाणवत नाहीं. ही व्यवस्था ज्यानें मनांत नीट बसविली त्यास पुढील निदान पाठ करावें लागणार नाहीं.

३. कार्ड ओळखणें व बसविणें

ड्रायव्हर शोधण्यापूर्वीं कार्ड कोणतें आहे हें नक्की ठरवावें. वरच्या पेटीवरील किंवा विक्रेत्याच्या पावतीवरील नांवावर विसंबूं नये. कार्डावर छापलेला क्रमांक व सर्वांत मोठ्या चिपेवरील अक्षरें वहींत उतरून घ्यावीं. क्रिएटिव्हच्या कार्डांवर 'सी.टी.' या अक्षरांनीं आरंभ होणारा चार आंकडी क्रमांक असतो. इतर कार्डांवर ई.एस.एस., यामाहा किंवा क्रिस्टल यांच्या चिपा आढळतात. कित्येक कार्डांवर अमेरिकेच्या एफ.सी.सी. या सरकारी मंडळाचा नोंदणीक्रमांक असतो. त्यावरूनही कर्त्याचा पत्ता लागतो. ड्रायव्हर चिपेस जुळणारा पाहिजे, तसाच तो प्रणालीसही जुळणारा पाहिजे. विंडोज ९८ चा ड्रायव्हर डॉसच्या कामाचा नाहीं, व डॉसचा एक्सपीच्या.

कार्ड बसवितांना संगणकाची वीज बंद करून तार भिंतींतून काढून घ्यावी. पेटीच्या धातूस हात लावून अंगांतील स्थिर विद्युत उतरवावी, आणि मगच कार्ड कडेनें धरावें. साउंड ब्लास्टर १६ हें आय.एस.ए. जातीच्या लांब, बहुधा काळ्या, दोन भागांच्या खांचेंत बसतें. आंखूड व बहुधा पांढरी असते ती पी.सी.आय. जातीची खांच, तींत तें बसत नाहीं. दोन्ही टोकें सारखीं दाबून कार्ड पूर्ण आंत जाऊं द्यावें व स्क्रू घट्ट करावा. पहिल्या साउंड ब्लास्टर कार्डांवर खुणा जंपर नांवाच्या लहान टोपणांनीं ठरवाव्या लागत. साउंड ब्लास्टर १६ च्या आरंभींच्या नमुन्यांत पत्ता जंपरनें ठरतो, पण घंटा व शिपाई प्रोग्रॅमनें ठरवितां येतात. पुढील 'प्लग अँड प्ले' नमुन्यांत सर्वच प्रोग्रॅमनें ठरतें. जंपर असतील तर त्यांची स्थिति पेटी बंद करण्यापूर्वीं वहींत लिहून ठेवावी.

मागील भोंकांकडेही लक्ष असावें. हिरवा रंग स्पीकरला, गुलाबी मायक्रोफोनला व निळा बाहेरून येणाऱ्या ध्वनीस, हा संकेत १९९९ च्या सुमारास रूढ झाला. त्यापूर्वींच्या कार्डांवर पत्र्यावर कोरलेल्या बारीक खुणांवरूनच भोंक ओळखावें लागतें.

४. डॉसमधील मांडणी

डॉस सुरू होतांना कॉन्फिग.सिस व ऑटोएक्झेक.बॅट या दोन फाइली वाचतो. ड्रायव्हर बसविणारा प्रोग्रॅम या दोहोंत ओळी घालतो. म्हणून आरंभीं त्यांच्या नकला एका फ्लॉपीवर ठेवाव्या. त्यानंतर एम.एस.डी. हा डॉससोबत येणारा निदानाचा प्रोग्रॅम चालवून कोणत्या घंटा गुंतलेल्या आहेत तें पाहावें, व मगच कार्डाच्या फ्लॉपीवरील इन्स्टॉल हा प्रोग्रॅम चालवावा. तो विचारील त्या प्रश्नांस आपल्या वहींतील टिपणावरून उत्तरें द्यावीं. काम संपल्यावर ऑटोएक्झेक.बॅटमध्यें पुढील ओळ आढळली पाहिजे. येथें ती उच्चाराप्रमाणें लिहिली आहे; संगणकावर ती रोमन लिपींत असते.

सेट ब्लास्टर=ए२२० आय५ डी१ एच५ पी३३० टी६

या ओळीचा अर्थ आतां सहज लागेल. ए म्हणजे पत्ता, आय म्हणजे घंटा, डी म्हणजे ८ बिटांचा शिपाई, एच म्हणजे १६ बिटांचा शिपाई, पी म्हणजे मिडी भागाचा पत्ता, आणि टी म्हणजे कार्डाची जात. साउंड ब्लास्टर १६ ची जात ६ आहे. डॉसमध्यें प्रत्येक प्रोग्रॅम कार्डाशीं स्वतःच बोलतो, मध्यस्थ कोणी नाहीं. ही ओळ म्हणजे दारावर लावलेली पाटी होय. येणारा प्रत्येक प्रोग्रॅम ती वाचतो व त्याप्रमाणें दार ठोठावतो. पाटीवर एक व घरांत दुसरेंच, असें झालें कीं संगणक मुका झाला.

पाटी नुसती लिहून भागत नाहीं. कार्डानेंही त्या खुणा अंगीकारल्या पाहिजेत. त्याकरितां जुन्या नमुन्यांत डायग्नोज हा प्रोग्रॅम सुरुवातीसच चालतो, व प्लग अँड प्ले नमुन्यांत सी.टी.सी.एम. हा चालतो. दुसरा चालला नाहीं तर बहुधा कार्ड झोंपलेलेंच राहतें, व पाटी बरोबर असूनही आंतून ओ येत नाहीं. नव्या ओळींमुळें संगणक सुरूच होईनासा झाला तरी घाबरूं नये. 'स्टार्टिंग एम.एस.-डॉस' हीं अक्षरें दिसतांच एफ५ ही कळ दाबल्यास दोन्ही फाइली वगळल्या जातात, आणि एफ८ दाबल्यास एकएक ओळ विचारून चालविली जाते. कोणत्या ओळीवर गाडें अडतें तें त्यावरून कळतें.

५. विंडोजमधील मांडणी

विंडोजमध्यें पाटी वाचण्याचें काम प्रत्येक प्रोग्रॅमकडून काढून एका ड्रायव्हरकडे सोंपविलें गेलें. प्रोग्रॅम विंडोजला सांगतो, विंडोज ड्रायव्हरला सांगते, व ड्रायव्हर कार्डाशीं बोलतो. सोय मोठी झाली. पण ड्रायव्हर चुकीचा असेल तर एकाच वेळीं सर्वच प्रोग्रॅम मुके होतात.

विंडोज ९८ मध्यें कंट्रोल पॅनेल, सिस्टिम, डिव्हाइस मॅनेजर या वाटेनें गेल्यास सर्व भागांची यादी दिसते. कार्डाच्या नांवापुढें पिवळ्या वर्तुळांत उद्गारचिन्ह असेल तर मेळ बसलेला नाहीं. तांबडी फुली असेल तर तो भाग बंद केलेला आहे. नांवावर दोनदां टिचकी मारून रिसोर्सेस या पानावर गेल्यास त्याच तीन खुणा समोर येतात, व कोणाशीं तंटा आहे तेंही खालीं लिहिलेलें असतें. चुकीचा ड्रायव्हर बसला असल्यास ती नोंद काढून टाकावी, संगणक पुन्हां सुरू करावा, आणि विचारणा होतांच योग्य ड्रायव्हरची डिरेक्टरी दाखवावी, तींत '.इन्फ' अशा शेपटाची फाइल असली पाहिजे. दोन्ही जातींच्या खांचा असलेल्या संगणकांत एखादें पी.सी.आय. कार्ड ५ क्रमांकाची घंटा बळकावून बसतें. अशा वेळीं बायॉसच्या पानावर जाऊन ती घंटा 'लेगसी आय.एस.ए.'साठीं राखून ठेवावी.

जेथें संगणक अंध विद्यार्थ्यासाठीं सिद्ध करावयाचा असेल, तेथें विंडोज एक्सपी किंवा त्यापुढील प्रणाली लागते. एक्सपीवर एन.व्ही.डी.ए.ची २०१७.३ ही शेवटची आवृत्ति चालते. चाललेल्या ड्रायव्हरची एक प्रत डिस्कवर निराळी ठेवावी, आणि ती कोठें आहे हें त्या विद्यार्थ्यास स्पर्शानें ओळखतां येईल अशी खूण तिच्यावर करावी.

६. दोष व निदान

आतां मुख्य प्रकरणाकडे वळूं. संगणक मुका राहिला असतां पुष्कळजण एकदम चार गोष्टी बदलतात. मग तो बोलूं लागला तरी कशानें बोलला हें कळत नाहीं, व न बोलला तर मूळची स्थितिही हातची जाते. यास्तव एका वेळीं एकच बदल करावा, तो वहींत लिहावा, व परीक्षा घ्यावी. डायग्नोज हा प्रोग्रॅम पत्ता, घंटा व शिपाई या तिन्हींची परीक्षा करून शेवटीं ध्वनि वाजवून दाखवितो.

(अ) 'कार्ड सांपडत नाहीं' असा निरोप आला तर दोष पत्त्यांत आहे, किंवा कार्ड खांचेंत नीट बसलेलें नाहीं, अथवा प्लग अँड प्ले कार्ड जागें केलेलें नाहीं. घंटा व शिपाई बदलीत बसणें येथें फुकट होय.

(आ) एकच तुकडा पुन्हांपुन्हां वाजत राहिला, किंवा क्षणभर आवाज येऊन थांबला, तर दोष घंटेंत आहे. शिपाई आपलें काम करीत आहे. परंतु भाग रिकामा झाल्याची वार्ता प्रोसेसरपर्यंत पोंचत नाहीं, म्हणून नवे अंक कोणी भरीत नाहीं.

(इ) नुसती खरखर ऐकूं आली, किंवा संगणक जागच्या जागीं गोठला, तर शिपायाची नेमणूक तपासावी. ८ बिटांचा ध्वनि वाजतो व १६ बिटांचा वाजत नाहीं असें आढळल्यास एच ही खूण चुकली असें समजावें.

(ई) वाद्यसंगीत ऐकूं येतें पण मुद्रित आवाज येत नाहीं, अशी तक्रार पुष्कळदां येते. कृत्रिम स्वरांच्या यंत्रणेस घंटा लागत नाहीं व शिपाईही लागत नाहीं, हें आठवावें. म्हणजे कार्ड जिवंत आहे व स्पीकरही ठीक आहे. मुद्रित आवाजाच्या तीन खुणांकडेच पाहिलें पाहिजे.

(उ) सर्व परीक्षा उतरल्या, तरी आवाज नाहीं. अशा वेळीं ड्रायव्हरला दोष देऊं नये. मिक्सरमध्यें आवाज शून्यावर आहे काय, 'म्यूट'पुढें खूण आहे काय, स्पीकरची तार भलत्याच भोंकांत आहे काय, स्पीकरला वीज आहे काय, हें पाहावें. डॉसमध्यें एस.बी.१६सेट या प्रोग्रॅमनें आवाज लहानमोठा करतां येतो. कित्येक जुन्या कार्डांच्या मागें आवाजाचें लहानसें चक्र असतें, तें कोणी शेवटपर्यंत फिरवून ठेवलेलें असतें.

(ऊ) इतर सर्व वाजतें, फक्त सी.डी.वरील गाणें वाजत नाहीं, तर सी.डी. ड्राइव्हपासून कार्डापर्यंत जाणारी बारीक तार जोडलेली नाहीं. जुन्या संगणकांत हें गाणें अंकरूपानें न येतां त्या तारेनें सरळ कार्डावर येतें. तेव्हां त्यास कोणताही ड्रायव्हर उपयोगी पडणार नाहीं.

यांतील प्रत्येक लक्षण वर सांगितलेल्या व्यवस्थेंतूनच निघतें, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. संगणकाचें मौन हेंही एक उत्तर असतें. तें कोणत्या प्रश्नाचें उत्तर आहे एवढें आपण ओळखावयाचें. ज्यास व्यवस्था ठाऊक नाहीं तो मौनास मृत्यु समजतो, व चांगलें यंत्र टाकून देतो. टाकून दिलेल्या यंत्राची वाट पुढें कोठें जाते हाही विचार करण्याजोगा आहे, कारण जुन्या यंत्रांच्या जोडांत शिसें असतें व तें उघड्यावर जाळणें वा वितळविणें अपायकारक आहे. चिठ्ठी चिकटविण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारण्यास अर्धा तास लागतो. एवढा वेळ त्या यंत्रास, आणि जो विद्यार्थी कदाचित् त्याच्याच आवाजावर शिकणार आहे त्यास, देणें आपणांस जड जाऊं नये.

७. सराव

ज्यांच्यापाशीं जुना संगणक नाहीं त्यांसही हा सराव करतां येतो. डॉसबॉक्स नांवाचा एक विनामूल्य प्रोग्रॅम २००२ सालापासून उपलब्ध आहे. तो नव्या संगणकांत जुना संगणक व साउंड ब्लास्टर यांची हुबेहूब नक्कल उभी करतो. त्याच्या मांडणीच्या फाइलींत पत्ता २२०, घंटा ७ व शिपाई १ आणि ५ अशा खुणा आरंभीं दिलेल्या असतात. त्यांतील एकएक आंकडा मुद्दाम बदलून पाहावा, ध्वनीवर होणारा परिणाम वहींत लिहावा, आणि आंकडा पूर्ववत् करावा. दोष स्वतः निर्माण करून पाहिला म्हणजे तो परक्या यंत्रांतही चटकन ओळखूं येतो.

पुढील प्रश्न वाचकांनीं आपल्याशींच सोडवून पाहावे.

(१) दर सेकंदास २२,०५० मापें, प्रत्येक माप ८ बिटांचें, एकाच कानासाठीं. तर एका मिनिटास किती बाइट लागतील? तेवढा ध्वनि एका १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपींत मावेल काय?

(२) साउंड ब्लास्टरचा दुसरा एक पत्ता षोडशमान पद्धतींत २४० असा आहे. दशमान पद्धतींत तो किती?

(३) कार्डाची पाटी 'आय५' म्हणते, परंतु कार्ड ७ क्रमांकाची घंटा वाजवीत आहे. ऐकणाऱ्यास काय ऐकूं येईल, व कां?

(४) एका संगणकावर वाद्यसंगीत येतें, ८ बिटांचा आवाज येतो, १६ बिटांचा येत नाहीं. कोणत्या खुणा तपासण्याचें कारण नाहीं, आणि कोणती एकच खूण तपासावी?